विसावी हार

"स्किप, माझी पाठ धरलीय म्हणे," असं म्हणत एमेट झिल्के माझ्या खोलीत शिरला आणि त्यानं पेपर टेबलावर आपटला. "मला कुणी सांगितलंच नाही. आत्ता नाश्ता करताना वाचलं. अंडं घशात अडकलं माझ्या."

मी, म्हणजे संघाचा मॅनेजर टीग, पोरांचा स्किप, पेपरकडे बघितलंसुद्धा नाही. त्यात काय छापलंय ते मला पाठ होतं, कारण आदल्या संध्याकाळी मीच ते वार्ताहरांना सांगितलं होतं. पाठ धरल्यामुळं झिल्के रविवारच्या शेवटच्या सामन्यात पिचिंग, म्हणजे चेंडू टाकायचं काम, करणार नाही, त्याच्या जागी लेस्टर क्रूम. पाच वार्ताहर समोर बसले होते. एकानंही विचारलं नाही की परवा हाच माणूस पायरीवर बसून पोरांना पत्त्यांत लुटत होता, तेव्हा पाठ बरी होती का. मुकाट्यानं लिहून घेतलं आणि गेले.

विचारणार कशाला? आमच्या बेसबॉलच्या धंद्यातली ही फार जुनी चाल आहे. पिचरच्या हातून सुटलेली धाव त्याच्या संघाला फेडता आली नाही, की हार त्या पिचरच्या नावावर लागते. मग मागच्या आठ जणांनी झेल सोडले असोत नाहीतर फळीवाल्यांना भोपळा फोडता आला नसो. पुस्तकात नाव एकट्याचं. आणि एका मोसमात अशा वीस हारी झाल्या, की तो आकडा माणसाला जन्मभर सोडत नाही. एकोणीस हरणाऱ्याला लोक दुर्दैवी म्हणतात आणि वीस हरणाऱ्याला नालायक. मधलं अंतर एका सामन्याचं, पण लोकांना कोण समजावणार! म्हणून एकोणिसावर आलेल्या पिचरची सप्टेंबरच्या शेवटी पाठ धरते. नाहीतर खांदा आखडतो. एकाची तर अक्कलदाढ आली होती, वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

एमेटच्या एकोणीस झाल्या होत्या. आणि पोर्ट हॅनिंगचा आमचा संघ त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, एकशे एकसष्ट सामन्यांपैकी एकशे सहा हरला होता.

"बस," मी म्हणालो.

"नको. पाठ दुखतेय ना."

"एमेट, तोंड आवर. तुझ्या भल्यासाठी केलंय."

"ते कळलं." त्यानं जाकिटाच्या खिशातून एक नवाकोरा चेंडू काढला आणि पेपरवर ठेवला. ज्याची पाळी असेल त्याच्या बुटात सकाळी मी चेंडू ठेवतो. सांगायचं काही नाही, बुटात चेंडू दिसला की त्यानं समजायचं. आज तो मी लेस्टरच्या बुटात ठेवला होता. "चुकून दुसऱ्याच्या बुटात पडला होता. म्हटलं आणून द्यावा."

मी चिडलो. मला चिडायला वेळ लागत नाही, आणि त्या वर्षी तर मी एप्रिलमध्ये चिडलो होतो तो अजून खाली आलो नव्हतो. मी उठून दार लावलं, कारण बाहेर पोरं कपडे बदलत होती आणि त्यांचे कान तिकडेच लागले होते.

"ऐक, गाढवा," मी म्हणालो. "तुला हे सांगायचं नव्हतं. ब्रॅडवेलनं तुझा सौदा केलाय. पश्चिम किनाऱ्यावरचा संघ तुला घेतोय. दोन वर्षांचा करार. पस्तिसाव्या वर्षी दोन वर्षांचा करार, कळतंय का? फक्त त्यांच्या मालकाची एक अट आहे. वीस हरलेला माणूस त्याला नकोय. म्हणतो, पोस्टरवर लावला तर लोक हसतील. आज तू गपचूप बाकावर बसलास, शेंगा खाल्ल्यास आणि घरी गेलास, की काम झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उतरलास आणि हरलास, तर तिकडचं काम गेलं. आणि इथं तर तुला कुणी ठेवणारच नाहीये."

ब्रॅडवेल म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे साहेब. माणसं घेणं, विकणं, हाकलणं त्यांच्याकडे. मैदानावर कधी पाय ठेवला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

एमेट आता मात्र बसला. उंच, हाडकुळा माणूस, मानेवर उन्हानं पडलेल्या सुरकुत्या. दोन मुली होत्या त्याला, थोरली पुढच्या वर्षी कॉलेजात जायची होती. दोन वर्षांच्या कराराचा अर्थ त्याला मी सांगायची गरज नव्हती.

"समोर कोण आहे आज माहितीये ना?" मी आवाज खाली आणला. "पहिल्या नंबरवाले. आणि मागं आपली पोरं. तू जिंकशील असं तुला वाटतं?"

"नाही," तो म्हणाला.

"मग हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तो जरा वेळ चेंडूच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "निकोच्या चुका किती झाल्या यंदा?"

निकानोर आमचा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा. डोमिनिकन पोरगा, वय तेवीस, पाय हरणाचे आणि हात, देवा रे, हात लोखंडाचे. "बेचाळीस," मी म्हणालो.

"बेचाळीस. लीगमध्ये सगळ्यांत जास्त. चाळिसाव्या चुकीला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आठवतं? पोरगं रात्रभर जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी तू त्याला खेळवलंस. त्याची पाठ का नाही धरली, स्किप?"

मी पेपरची घडी घातली.

"ऑर्विलच्या बोटाचं हाड मोडलंय, तरी तो माझे चेंडू झेलतोय. एकशे सहा वेळा हरून ही पोरं दुसऱ्या दिवशी बूट घालतात. त्यांना कुणी विचारलं नाही, बाबांनो, आकडा वाईट दिसतोय, घरी बसता का? आणि मी त्यांच्यासमोर शेंगा खात बसू? खोटी पाठ धरून?"

"अरे पण करार!"

"फोन दे."

त्यानं माझ्याच टेबलावरून घरी फोन लावला. व्हर्नाला, म्हणजे बायकोला, त्यानं सगळं नीट सांगितलं, किनाऱ्यावरचा संघ, दोन वर्षं, अट, सगळं. काही लपवलं नाही. मग बराच वेळ नुसता "हं, हं" करत राहिला. मी खिडकीतून मैदानाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई, तू तरी शहाणी निघ. त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तू आज घाबरून घरी बसलास तर सगळा हिवाळा मला तुझं तोंड बघावं लागेल. त्यापेक्षा जा." तो उठला. "आणि येताना दूध आण म्हणाली."

नवरा तसा, बायको तशी. मी आणखी दहा मिनिटं ओरडलो. माझी सात वर्षांची ओळख होती त्याच्याशी, त्यामुळं मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं की हे पालथ्या घड्यावर पाणी आहे, पण ओरडायचं तेवढं ओरडून घेतलं. शेवटी मी नावांची यादी काढली, लेस्टरचं नाव खोडलं आणि एमेटचं लिहिलं. लेस्टरला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "मला माहितीये स्किप, चेंडू नेताना मला सांगून गेला तो. माझंही कोपर दुखतंय. खरं दुखतंय बरं का."

यादी अंपायरच्या हातात पडायच्या आत ब्रॅडवेल साहेबांचा फोन आलाच. कुणीतरी वर चहाडी केली असणार.

"टीग, हा काय पोरखेळ आहे? मी त्या लोकांना शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. त्यानं नाही दिलेला."

"तुम्ही मॅनेजर आहात की कोण आहात? त्याला बसवा. नाहीतर उद्यापासून तुम्ही इथं नाही."

"साहेब," मी म्हणालो, "एकशे सहा हरलोय. मी उद्यापासून इथं नाहीच, हे शेंगा विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. तुम्हाला दुसरी काही धमकी सुचली तर परत फोन करा."

हे बोलायला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मैदानाकडे जाताना मी यादी पुन्हा एकदा उघडून बघितली. एमेट हरला असता तर यादीवरची सही माझी होती.

सरोवरावरून गार वारा सुटला होता. पन्नास हजारांच्या मैदानात तीनेक हजार माणसं, तीही ऊन पडलेल्या बाजूला एकमेकांना चिकटून बसलेली. एमेटचं नाव पुकारल्यावर एक जण ओरडला, "काय रे झिल्के, पाठ कशी आहे?" सगळे हसले. एमेटनं कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्यासारखं वाकून दाखवलं, तेव्हा आणखी हसले. मग त्यानं पहिला चेंडू टाकला.

त्याच्या हातात आता वेग राहिला नव्हता. तरुणपणी तो वेगानं बाद करायचा, आता चलाखीनं करायचा. एक चेंडू बॅटच्या आत, दुसरा बाहेर, तिसरा असा की येतो येतो म्हणतो आणि येतच नाही. पहिल्या नंबरवाल्यांची पोरं पहिल्या डावात हसत हसत बॅट घेऊन आली, चौथ्या डावापर्यंत त्यांचं हसू गेलं आणि सहाव्यात त्यांचा मॅनेजर बाकावरून शिव्या द्यायला लागला. आम्ही दुसऱ्या डावात एक धाव काढली होती. कशी काढली ते विचारू नका, त्यांच्याच माणसानं चेंडू प्रेक्षकांत फेकला. एकाला शून्य.

सातव्यात व्हायचं ते झालं. दोन बाद, तिसऱ्या बेसवर एक माणूस आणि निकोकडे साधा सरपटता चेंडू. पोरानं तो अगदी देखणा उचलला आणि पहिल्या बेसवाल्याच्या डोक्यावरून चार हात उंच फेकला. त्रेचाळीस. एकाला एक.

लोक नेहमीसारखे उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. एमेट चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून उतरला, चालत निकोपर्यंत गेला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. नंतर मी निकोला विचारलं, काय म्हणाला रे? तर म्हणे, "विचारलं, तुझी आई चिकन करते त्यात काय घालते? मी सांगत बसलो. तोवर लोक गप्प झाले."

नववा डाव आला. नऊच डाव असतात, बरोबरी सुटली नाही तरच दहावा. बरोबरी तशीच होती. एमेटचे शंभरावर चेंडू टाकून झाले होते आणि प्रत्येक चेंडूनंतर तो हात झटकत होता. पहिल्यानं सरळ फटका मारला, दुसऱ्यानं त्याहून लांब. एक माणूस दुसऱ्या बेसवर, एक तिसऱ्यावर, बाद कुणीच नाही. मी लेस्टरला हात मोकळा करायला सांगितलं आणि चालत उंचवट्यावर गेलो. हे चालणं मी त्या वर्षी शेकडो वेळा केलं होतं. मॅनेजर हात पुढं करतो, पिचर त्यात चेंडू ठेवतो आणि खाली मान घालून जातो. बोलायचं काही नसतं.

मी हात पुढं केला. एमेटनं चेंडू पाठीमागं धरला.

"दे इकडं," मी म्हणालो.

"ही दोन माणसं बेसवर कुणी ठेवली?"

"तूच."

"मग मी गेलो आणि लेस्टरनं धाव दिली, तर हार कुणाच्या नावावर?"

"तुझ्याच. नियमच आहे तो. तुझी माणसं."

"मग झालं तर. लेस्टरच्या हातानं मला विसावी नकोय. हरायचंच असेल तर माझ्या हातानं हरीन. जा तू."

ऑर्विल, आमचा कॅचर, मोडक्या बोटाचा हात काखेत दाबून शेजारी उभा होता. "स्किप, त्याच्यात आता काही राहिलेलं नाहीये," तो हळूच म्हणाला. "पण मला विचाराल तर ठेवा."

मॅनेजरकीचं डोकं चालवलं असतं तर मी चेंडू हिसकावून घ्यायला हवा होता. एकवीस वर्षं मी तेच डोकं चालवत आलो होतो. पण त्या क्षणी मला त्या माणसाची लाज वाटली, म्हणजे त्याच्यासमोर माझीच. सकाळपासून आम्ही सगळे मिळून त्याला वाचवायला बघत होतो आणि त्याला वाचायचंच नव्हतं. "मर लेका," मी म्हणालो आणि परत फिरलो.

पुढच्याला त्यानं तीन चेंडूंत परत पाठवला. त्याच्या पुढच्यानं जमिनीवरून निकोकडे मारला. चेंडूनं मधेच उसळी घेतली आणि निकोच्या छातीवर धाडकन आदळला. पोरानं तो पायाशी पडलेला उचलला, पहिल्या बेसला फेकला, बरोबर फेकला, मारणारा बाद झाला. पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा घरच्या बेसवर पोचला होता, म्हणजे धाव झाली. दोनाला एक. तिसऱ्यालाही एमेटनं लगेच बाद केलं आणि तो बाकावर येऊन बसला. टॉवेल खांद्यावर टाकला, पाणी प्यायला.

आता आमची शेवटची पाळी. आणि इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोसमाच्या शेवटच्या दिवशी हरलेल्या संघाची पोरं सातव्या डावातच पिशव्या भरून ठेवतात. कुणाला विमान धरायचं असतं, कुणाची बायको गाडी सुरू ठेवून बाहेर उभी असते. त्या दिवशी मी मागं वळून बघितलं तर एकाचीही पिशवी दिसेना. सगळे कठड्याला लटकून उभे. गेले सहा महिने ज्यांच्या तोंडातून मी ओढून ओढून शब्द काढत होतो, ते ओरडत होते.

"अरे, एक काढा रे!" ऑर्विल किंचाळत होता. "म्हाताऱ्यावर वीस लावता का? लाज वाटत नाही?"

एक बाद. मग ऑर्विलच मोडक्या बोटानं बॅट धरून गेला आणि त्यानं चेंडू अंगावर घेतला. मुद्दाम घेतला, मी शपथेवर सांगतो, पण अंपायरनं त्याला पहिला बेस दिला. मी त्याच्या जागी पळायला दुसरा सोडला. चेंडू टाकला जाताच तो जीव घेऊन पळाला आणि त्यानं दुसरा बेस चोरला. दोन बाद. आणि पाळी कुणाची? निकानोरची. दुष्काळात तेरावा महिना! मला दुसरा बॅटर पाठवता आला असता. मी निकोकडे बघितलं, त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"जाऊ मी, स्किप?" तो म्हणाला.

"तुला कुणी थांबवलंय?" मी खेकसलो.

दोन चेंडू त्याला दिसलेसुद्धा नाहीत. तिसऱ्यावर बॅट फिरवली ती जेमतेम टोकाला लागली, आणि चेंडू असा काही लंगडत वर गेला की तीन माणसं तो घ्यायला धावली आणि तिघांच्या मधोमध पडला. दुसऱ्या बेसवरचा घरी आला, दोनाला दोन! निको आनंदाच्या भरात दुसऱ्या बेसकडे धावत सुटला आणि तिथं बाद झाला, पण त्याची कुणाला पडली होती? पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. जिंकलेलो काहीच नव्हतो, पण एमेटच्या नावावरची हार पुसली गेली होती. बरोबरी झाली की मागचा हिशेब मिटला. आता त्याच्या जागी दुसरा आला, की पुढं कुणीही हरो, एमेट झिल्के एकोणिसावरच राहणार होता.

मला तर रडूच यायला लागलं. सुंठीवाचून खोकला गेला! माणसानं नऊ डाव टाकले, पाठ दाखवली नाही, आकडा एकोणीस, करार शाबूत, थोरलीचं कॉलेज शाबूत. सगळ्यांचं सगळं झालं. मी ओरडलो, "लेस्टर, तू जा आता!" आणि एमेटच्या पाठीवर थाप मारायला वळलो.

बाकावर त्याचा टॉवेल होता. तो नव्हता.

मी मैदानाकडे बघितलं. एमेट उंचवट्यावर उभा राहून बुटानं माती सारखी करत होता. हातमोज्यात हात घालून चेंडूची वाट बघत होता.

अंपायर माझ्याकडे आला. तो जुना माणूस, आकडे त्यालाही माहीत होते. "टीग, बदल सांगायचाय का?" त्यानं विचारलं. लेस्टर दारापाशी येऊन थांबला होता. मी काय बोलतो ते बाकावरचे सगळे बघत होते. "हो" म्हटलं असतं तर तो माणूस वाचत होता. एवढं एकच अक्षर.

"नाही," मी म्हणालो. "बदल नाही."

दहाव्या डावात त्यानं पहिल्या दोघांना बाद केलं. मग रोलँड गेंट आला. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत लांब मारणारा. ऑर्विलच्या जागी आता दुसरा कॅचर होता, त्यानं कुठला चेंडू टाकायचा त्याची खूण केली, एमेटनं नको म्हणून मान हलवली. दुसरी खूण केली. एमेटनं होकार दिला आणि चेंडू आतल्या बाजूला टाकला, जिथं टाकायचा होता अगदी तिथंच. गेंटनं तो डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे, रिकाम्या खुर्च्यांत मारला. आवाजावरूनच कळलं. निकोनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

एमेट मात्र वळून शेवटपर्यंत बघत राहिला. गेंट चारी बेसना वळसा घालून घरी आला तेव्हा त्यानं अंपायरकडून नवा चेंडू मागून घेतला आणि पुढच्याला तीन चेंडूंत बाद केलं. आमच्या शेवटच्या पाळीत तिघं गेले, तिघं परत आले. तीनाला दोन. एकशे सात हारी आमच्या आणि वीस त्याच्या.

कपडे बदलायच्या खोलीत आलो तर निको टॉवेल डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसला होता. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं काय चाललंय ते. एमेट त्याच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"ए पोरा, इकडं बघ. आज तुझ्यामुळं हरलो का?"

निकोनं मान हलवली, म्हणजे हो.

"चूक. तू बरोबरी करून दिलीस. चेंडू मी टाकला आणि गेंटनं मारला. मधे कुणीच नव्हतं. कळलं का? उगाच माझ्या हारीत वाटा मागू नकोस."

निको हसला का रडला ते सांगता येत नाही, पण टॉवेल काढला त्यानं.

माझ्या टेबलावरचा फोन वाजत होता. ब्रॅडवेल साहेब फार बोलले नाहीत. किनाऱ्यावरून निरोप आला होता, सौदा रद्द. झिल्केला आमचा संघही पुढं ठेवणार नाही. आणि माझं सामान मी उद्या दुपारपर्यंत हलवावं. मी "बरं" म्हणालो. भांडायलासुद्धा जीव नव्हता.

एमेटचा हात बर्फाच्या बादलीत होता, कोपरापर्यंत. बाकीचे जवळजवळ सगळे गेले होते. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. किनाऱ्यावरचं गेलं. इथलं गेलं. माझंही गेलं.

"हं," तो म्हणाला. "अपेक्षाच होती."

"अपेक्षा होती तर दहाव्याला का गेलास मग?" मी ओरडलो, आणि खरंच माझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्याचा मला जास्त राग आला. "सुटला होतास की रे! एकोणीस! सगळं मिळालं होतं तुला! कुणी बोलावलं होतं तुला तिथं?"

"सामना कुठं संपला होता, स्किप?"

मी खाली बसलो. तंबाखूची पुडी काढली, ती रिकामी होती, परत ठेवली. बाहेर कुणीतरी खुर्च्यांखालच्या शेंगांची टरफलं झाडत होतं.

एमेटनं बादलीतून हात काढला. लाल झाला होता सगळा. बोटं मिटून उघडून बघितली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जरा बरी मिटली.

"पुढच्या वर्षी पहिला सामना कधी आहे?" त्यानं विचारलं.

"अरे, तुला संघ कुठाय? वीस हरलेल्या पस्तीस वर्षांच्या माणसाला कोण घेणार आहे?"

"ते मी बघतो. दारं वाजवत फिरेन. मी तारीख विचारली."

"सात एप्रिल."

त्यानं ओल्या हातानंच बोटांवर मोजायला सुरुवात केली. एप्रिलपासून मागं, मार्च, फेब्रुवारी.

"म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हात सुरू करायला पाहिजे," तो म्हणाला. "झेलायला कुणीतरी लागेल. तू तर रिकामाच आहेस."